संदर्भ इल्ला, मार्क इल्ला

बिराजदार बाईंनी आयुष्यात एकदाच खोटा संदर्भ दिला, आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत. त्या संदर्भावर एका मुलीचं शिक्षण टिकलं. पण ज्यांनी उभी हयात पोरांचे खोटे संदर्भ तांबड्या शाईने खोडण्यात घालवली, त्यांना हे किती जड गेलं असेल ते कळायला आधी बाई कळायला हव्यात.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बाई मराठी शिकवायच्या आणि मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. बाईंचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं, त्यामुळे रागावल्या की मराठी संपून कन्नड सुरू व्हायचं. इरकली साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि खणात शेंगाचटणीचा डबा. पोरांना त्या डब्याची माहिती पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त होती.

‘संदर्भासह स्पष्टीकरण’ नावाचा एक प्रश्न पूर्वी मराठीच्या पेपरात असे. एक ओळ द्यायची आणि हे कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कधी आणि का, ते लिहायला सांगायचं. पेपरातून हा प्रश्न केव्हाच गेला, पण बाईंच्या डोक्यातून गेला नाही. चाचणीत त्या तो हटकून घालायच्या. पोरं अर्थ बरोबर लिहायची आणि संदर्भ ठोकून द्यायची. बाई सगळ्या उत्तरावर आडवी रेघ मारून म्हणायच्या, "संदर्भ इल्ला, मार्क इल्ला." इल्ला म्हणजे नाही, एवढं कन्नड आमच्या कॉलेजात सगळ्यांनाच येत होतं. शिपायाकडे रजेचं कारण मागितलं आणि त्याने नीट सांगितलं नाही, तर त्यालाही हेच ऐकावं लागे.

अशा बाईंना इमोजी वाचता येतात, ही कीर्ती पुढे साऱ्या शुक्रवार पेठेत पसरली. तिची सुरुवात माझ्या शर्टापासून झाली, म्हणून तेवढं सांगतो.

कॉलेजात मोबाइल दिसला की जप्त व्हायचा आणि स्टाफरूममधल्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात जायचा. एके दुपारी उपप्राचार्य असाच एक मोबाइल घेऊन धापा टाकत आले. एका मुलाने एका मुलीला पाठवलेला निरोप उघडा होता. शब्द एकही नाही. कवटी, पुन्हा कवटी, आणि शेजारी शवपेटी. "ही सरळ जिवे मारायची धमकी आहे, मी पोलिसांना फोन लावतो," उपप्राचार्य म्हणाले. बाईंनी चष्मा चढवला आणि विचारलं, "हे उत्तर झालं. प्रश्न कुठंय?"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाईंनी बोटाने पडदा वर सरकवला आणि त्याआधीचा मुलीचा निरोप मोठ्याने वाचला. ‘केमिस्ट्रीचे सर आज शर्ट उलटा घालून आलेत. शिवण बाहेर, खिसा आत.’

स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्याकडे पाहिलं. मी सकाळपासून तिथेच बसत-उठत होतो आणि एकाही सहकाऱ्याने मला सांगितलं नव्हतं. त्या मुलीला बोलावल्यावर तिने खाली मान घालून कबूल केलं, की हसून हसून मेलो असं म्हणायचं असलं की पोरं कवटी टाकतात, आणि फारच हसू आलं तर शवपेटीही. पोलीस राहिले. मी मुतारीत जाऊन शर्ट सुलटा केला.

बाईंना मात्र त्या दिवसापासून नादच लागला. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची पोरं त्यांच्या टेबलाभोवती दिसू लागली. ती बाईंना शिकवायची आणि बाई त्यांना कडक भाकरीवर चटणी घालून द्यायच्या. निळी टोपी म्हणजे समोरचा थापा मारतोय. जोकर म्हणजे मी स्वतःच मूर्ख ठरलो. कपाळाला हात लावून सलाम ठोकणारा म्हणजे गेलो कामातून. बाई ऐकून घ्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "एकटं आलं तर? आणि चहाच्या कपाबरोबर आलं तर?" पोरं गडबडायची. आपण वापरतो त्या गोष्टीला एवढे नियम आहेत, हे त्यांना बाईंमुळे कळत होतं.

स्वतः बाईंनी मात्र कधी एकही इमोजी पाठवला नाही. स्टाफच्या ग्रुपवर त्यांचा निरोप ‘सप्रेम नमस्कार’ने सुरू व्हायचा आणि खाली सही असायची. ‘उद्या रजेवर आहे’ एवढं कळवायलाही त्यांना दोन परिच्छेद लागायचे.

शिकलेलं त्या मला मोकळ्या तासाला शिकवत. मला त्यात काडीचा रस नव्हता, पण शेजारच्या टेबलाला पळवाट नसते. एकदा म्हणाल्या, "सर, आज एक फार चांगलं मिळालंय." आणि त्यांनी दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींसमोर धरून टोकं जुळवली, मान खाली घातली आणि डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. नेमका तेव्हाच शिपाई चहा घेऊन आला. त्याने चहा दारातल्या खुर्चीवर ठेवला आणि तो तसाच मागे गेला.

"मागायचं तर आहे, पण तोंडाने मागवत नाही," बाईंनी अर्थ सांगितला. "एक केविलवाणा चेहरा आणि ही दोन बोटं. लाजत विचारण्यासाठी."

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही काय करायचात?"

"काहीच करायचो नाही."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या.

हळूहळू पालकही यायला लागले. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ खांद्यावर घोंगडं टाकून आला होता, त्याची आठवण आजही निघते. त्याचा मुलगा आमच्याकडे अकरावीला होता. बापाने मुलाचा मोबाइल बाईंपुढे ठेवला आणि म्हणाला, "म्याडम, ह्या पोरांनी माझ्या पोराला शेळी म्हनायचं काढलंय. आमी मेंढरं राखतो, न्हाय म्हनत न्हाय. पर म्हून पोराला शेळी म्हनायचं व्हय?"

खरोखरच बकरी होती, आणि तिच्याशेजारी मुकुट. एक-दोघांनी नव्हे, अख्ख्या वर्गाने पाठवलेली. बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. कोण? वर्गातली पोरं. कुणाला? ह्याला. कधी? तेव्हा मुलगा पुढे होऊन पुटपुटला, की तो धावण्याच्या शर्यतीत पहिला आला त्या संध्याकाळी. "आता ‘का’ ते मी सांगते," बाई म्हणाल्या. सगळ्यांत थोर माणसाला ही पोरं बकरी म्हणतात, ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जुळवून ते झालंय, आणि मुकुट तर राजाचाच. म्हणजे तुमच्या पोराला सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय.

बापाने खांद्यावरचं घोंगडं सावरलं. त्याचा राग गेला होता, पण समाधान झालं नव्हतं. "त्ये ठीक हाय," तो म्हणाला, "पर थोर म्हनायचं तर एडका दावायचा की. शेळीला कोन थोर म्हंतंय?"

बाईंनी मान डोलावली. मुद्दा त्यांना पटला होता. त्यांनी तो वर्गात मांडला आणि पोरांनी मनावर घेतला. तेव्हापासून आमच्या कॉलेजात पहिल्या आलेल्याला एडका मिळतो. बाहेरगावच्या पोरांना त्याचा अर्थ लागत नाही आणि आमची पोरं तो सांगत नाहीत.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग कॉलेजने पालकांसाठी व्याख्यान ठेवलं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. तरुण मुलं मोबाइलवर काय बोलतात हे तुम्हाला माहीतच नाही, असं म्हणून त्यांनी पडद्यावर एकेक चित्र दाखवलं आणि त्याचा खरा अर्थ सांगितला. वांगं म्हणजे काय, केळ म्हणजे काय, पाण्याचे थेंब म्हणजे काय. तज्ज्ञांच्या हिशेबाने मंडईतली एकही भाजी सज्जन नव्हती. बायका पदर तोंडाला लावून बसल्या. पुरुषांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. व्याख्यान संपल्यावर मात्र सगळे एकदम मोबाइलवर तुटून पडले. पुढचे काही दिवस आमच्या स्टाफरूममध्येही कुणी केळ बाहेर काढून खाल्लं नाही.

बाई पहिल्या रांगेत बसून होत्या. आभार मानून झाल्यावर त्यांनी तज्ज्ञांना एवढंच विचारलं, "हे कोण कुणाला म्हणतंय, ते तुम्ही सांगितलंच नाही." तज्ज्ञ हसले आणि म्हणाले, अर्थ सगळीकडे एकच असतो. "संदर्भ इल्ला," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. पुढचं मीच मनात म्हणालो.

त्या व्याख्यानानंतर दोनच दिवसांनी ऋतुजाचे काका तिला दंडाला धरून स्टाफरूममध्ये घेऊन आले. ऋतुजा बारावी सायन्सची मुलगी. गाव उजनीच्या पाण्याकाठी, घरची केळीची बाग. शिक्षणासाठी ती शुक्रवार पेठेत काकांकडे राहायची. काकांचं तिथे पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. भावाची मुलगी आपल्या घरात आहे, काही झालं तर भावाला तोंड काय दाखवू, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

"म्याडम, हिचं नाव काढून द्या," काका म्हणाले. "बास झालं शिक्षन. पंढरपूरचं स्थळ बगून ठेवलंय, लॉज हाय त्यांचं. हिच्या बापाला मी आज सांजच्याला सांगनार हाय."

ऋतुजा रडत नव्हती. ती भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे एकटक बघत होती. बारावीचे शेवटचे काही महिने उरले होते आणि वर्गात तिच्याइतकी हुशार मुलं फार नव्हती. पुढे तिला शेतीतलं शिकायचं होतं, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी तिचा मोबाइल पुढे केला. नाव ‘मोटर’ असं साठवलेलं आणि खाली निरोपच निरोप. विजेची रेघ, पाण्याचे थेंब, केळ. पुन्हा वीज, थेंब, केळ. तिकडून दर वेळी अंगठा. व्याख्यानात पडद्यावर होतं ते जवळजवळ सगळं एका ओळीत.

"हा मोटर कोन, त्ये सांगत न्हाय," काका म्हणाले. "आसंल कुनी गाडी उडवत फिरनारा. मी फोन लावला तर उचलत न्हाय. उचलत न्हाय म्हंजे चोरच की."

"ती सांगत नाही, की तुम्ही सांगू देत नाही?" असं विचारत बाईंनी ऋतुजाच्याच मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. बराच वेळ घंटी वाजली. मग फटफट असा इंजिनासारखा आवाज आणि त्यावरून ओरडून बोलणारा एक माणूस. "हां, काय गं? लाइट गेली का?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दादा," ते म्हणाले, "मी हाय."

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पाण्याकाठच्या मोटारीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला होता. तो बापाला जमेना, म्हणून ऋतुजाच्या मोबाइलला जोडलेला. शेतात लाइट आली की तिला कळायचं, ती इथून मोटर सुरू करायची आणि बापाच्या शेतावरच्या नव्या नंबराला चित्रं टाकायची. लाइट आली, पाणी सुटलं, केळीला. उसाची पाळी असली की केळीऐवजी बांबू, कारण ऊस त्या चित्रांत नव्हता. "चिखलाच्या हातानं कोन लिवत बसनार?" वडील पलीकडून ओरडून सांगत होते. "म्या नुसता आंगठा दाबतो. ट्रॅक्टरच्या आवाजात घंटी बी ऐकू येत न्हाय."

ठिबकच्या नळ्या विकून ज्यांचं घर चालतं, त्या काकांना थेंब ओळखता आले नव्हते. बाई हे बोलल्या नाहीत. पण त्यांनी काकांकडे असं काही पाहिलं की ते न बोलताही बोलल्यासारखं झालं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण माणसाची फजिती झाली की तो काहीतरी शोधतो. काकांनी मोबाइल परत घेतला, खाली-वर केला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "मग ह्ये काय हाय? ह्ये तर त्या साहेबांनी सांगितलंच न्हवतं."

नाव एका मुलाचं होतं. ऋतुजाचा प्रॅक्टिकलचा जोडीदार, माझ्याच वर्गातला. निरोपात एक केविलवाणा चेहरा आणि एकमेकींकडे टेकलेली दोन बोटं.

ऋतुजाने वेळापत्रकावरची नजर काढली आणि बाईंकडे पाहिलं. मला अर्थ ठाऊक होता. बाईंनीच शिकवला होता. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"लाजून काही मागायचं असलं की पोरं हे टाकतात," त्या म्हणाल्या. इथवर सगळं खरं होतं. "जर्नल मागतीय ती. प्रॅक्टिकलचं."

काका हुशार होते. एवढ्या वेळात त्यांनी बाईंची पद्धत उचलली होती. "कोन, त्ये कळलं. कुनाला, त्ये बी कळलं," ते सावकाश म्हणाले. "पर कधी, म्याडम? हितं दिवाळीच्या सुट्टीतली तारीख हाय. सुट्टीत कसलं प्रॅक्टिकल?"

इतक्या वर्षांत बाईंना त्यांचाच प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. असं हतबल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला सहन झालं नाही. "जर्नल मी सुट्टीतच पूर्ण करायला दिलं होतं," मी म्हणालो. मी सुट्टीत काहीही दिलं नव्हतं. सुट्टीत मी घराला रंग देत होतो.

चौथा प्रश्न अजून बाकी होता. "राहिलं ‘का’, ते मी तिला विचारते," बाई उठून म्हणाल्या. "तुम्ही जाऊन दुकान उघडा. गिऱ्हाईक परत जात असेल." आणि काका गेले. नाव काढण्याचा अर्ज त्यांनी दिला नाही, पंढरपूरचं स्थळही नंतर दुसरीकडे जमल्याचं कळलं.

ते गेल्यावर ऋतुजा रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "उत्तर काय दिलं त्याने?"

"काहीच न्हाई बाई. बघितलं आणि सोडून दिलं."

"दिवाळीपासून?"

तिने मान हलवली. बाईंनी कन्नडमध्ये त्या मुलाबद्दल काहीतरी म्हटलं, ते मला समजलं नाही आणि समजून घ्यावंसंही वाटलं नाही. मग त्या म्हणाल्या, "हे बघ. मी खोटा संदर्भ दिला. माझ्या हिशेबाने मला शून्य. तू चांगली पास झालीस तर माझं ते शून्य कामी येईल, नाहीतर नुसतंच शून्य. आणि वर्गात बसून मोटर चालवायची नाही."

"मग केळी वाळत्याल, बाई."

"मग दाराजवळच्या बाकावर बस," त्या म्हणाल्या.

त्या प्रसंगावर आम्ही पुन्हा बोललो नाही. पण पुढच्या चाचणीचे पेपर बाई तपासत होत्या, तेव्हा मी सहज वाकून पाहिलं. एका पोराने अर्थ बरोबर लिहून संदर्भ सपशेल ठोकून दिला होता. तांबडं पेन रेघ मारायला उतरलं, थांबलं आणि समासात अर्धा मार्क लिहून पुढे गेलं. मी बघतोय हे लक्षात येताच बाई म्हणाल्या, "साकु." साकु म्हणजे पुरे. हे पोराला होतं की मला, ते मी विचारलं नाही.

ऋतुजा उत्तम मार्कांनी पास झाली आणि शेतीच्या कॉलेजात गेली. बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्राचार्यांनी बाईंचा ‘इमोजीतज्ज्ञ’ असा उल्लेख केला आणि बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. इतक्यात हॉलच्या मागच्या दारातून केळीचा अख्खा घड आत आला. एका बाजूने ऋतुजाच्या वडिलांनी धरलेला, दुसऱ्या बाजूने काकांनी. व्याख्यान ऐकलेली मंडळी हॉलमध्ये होती, ती छताच्या पंख्याकडे बघू लागली. "ह्यो त्या चित्रातला," वडील बाईंच्या पायाशी घड ठेवत म्हणाले. नमस्कार करताना सगळ्यांत खाली काकाच वाकले.

बाईंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर, गेटबाहेर. बाई बहिणीकडे अक्कलकोटला राहायला जाणार होत्या. रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर घड आधीच बसला होता आणि उरलेल्या जागेत बाई अंग चोरून बसल्या होत्या, मांडीवर चटणीचा डबा. वडिलांबरोबर आलेली ऋतुजा रिक्षाजवळ आली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पाठ करून आली असावी, पण तोंडातून शब्द निघेना. मग तिने मान खाली घातली, डोळे वर केले आणि दोन्ही तर्जन्यांची टोकं एकमेकींना टेकवली.

मला वाटलं बाई आता विचारणार. कोण, कुणाला, कधी, का. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी रिक्षातून हात बाहेर काढला, ती दोन्ही बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "साकु, बाळा. कळलं."